रजा, भाडं आणि उघडं दार

‘रजा’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो आला कुठून, याचा विचार सहसा करत नाही. मूळ शब्द अरबी. अर्थ संमती, राजीखुशी. आमच्या घरातली वडीलधारी माणसं ‘अल्लाची रजा असेल तर’ असं म्हणत, ते याच अर्थानं. फारसीच्या वाटेनं हा शब्द मराठी दप्तरात आला आणि धन्याच्या संमतीनं कामावरून दूर राहणं म्हणजे रजा, असा अर्थ त्याला चिकटला. ‘सुट्टी’चं गोत्र वेगळं. तिचं नातं ‘सुटणे’शी. शाळा सुटते, गाडी सुटते, वासराचं दावं सुटतं. म्हणून मुलांना सुट्टी लागते आणि मोठ्यांना रजा मागावी लागते. उन्हाळा आला की एकाच घरात हे दोन शब्द समोरासमोर उभे राहतात. मुलं विचारतात, ‘सुट्टीत कुठं जायचं?’ आणि घरातला कमावता माणूस मनातल्या मनात तीन प्रश्न विचारतो. रजा मिळेल का? भाडं परवडेल का? आणि उतरायचं कुणाकडं?

आज मला या तीन प्रश्नांचा इतिहास सांगायचा आहे. राजेरजवाड्यांच्या सहलींचा नाही, तुमच्या-माझ्यासारख्या बेताच्या पगाराच्या माणसांच्या उन्हाळी सुट्टीचा. थोड्या पैशांत सुट्टी मजेत घालवणं हे कुटुंबाच्या काटकसरीचं यश आहे, असं आपण समजतो. काटकसर होतीच. पण नुसत्या काटकसरीनं कुणी मुंबईहून मालवणला पोचत नाही. त्यामागं कायदे होते, बोटी होत्या, लाल गाड्या होत्या आणि एक बाई होती, जिचं नाव कुठल्याच हिशोबाच्या वहीत नाही.

सुरुवात साहेबापासून करावी लागते, कारण उन्हाळ्यात गाव सोडून हवापालटाला जाण्याची आजची पद्धत त्यानं रूढ केली. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम यानं १८२८ च्या सुमारास महाबळेश्वरला आरोग्यस्थान वसवलं. तिथल्या पेठेला माल्कम पेठ हे नाव पडलं. पुढं मुंबई सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यात मुक्काम करू लागलं. साहेब चढला की मागोमाग कागदपत्रं चढत, कारकून चढत, खानसामे आणि हमाल चढत. साहेबाची ती हवापालट होती, बाकीच्यांची ती ड्यूटी होती. त्या थंड हवेची एक गोष्ट सहलीच्या माहितीपत्रकात फारशी सापडत नाही. एकोणिसाव्या शतकात महाबळेश्वरच्या तुरुंगात चिनी आणि मलायी कैदी ठेवलेले होते. त्यांच्याकडून रस्त्यांची कामं करून घेतली जात आणि साहेबाच्या टेबलावरचा भाजीपालाही तेच पिकवत. म्हणजे एकाची सुट्टी दुसऱ्याच्या सक्तमजुरीवर उभी होती.

माथेरानची कथा जरा वेगळी. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानं तो डोंगर पाहिला आणि तिथं बंगले उठू लागले. पण नेरळहून वर जायचं तर घोडा हवा, पालखी हवी, नाहीतर दमदार पाय हवेत. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानं सोळा लाख रुपये घालून नेरळ-माथेरान ही दोन फूट रुंदीची छोटी रेल्वे बांधली. काम १९०४ साली सुरू झालं आणि १९०७ मध्ये गाडी धावली. आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी ते काम तडीस नेलं. ही गाडी काही धर्मादाय नव्हती. पण डोंगरावर जायला स्वतःचा घोडा किंवा भोई लागतात, ही अट तिनं मोडली. तिकीट काढणाऱ्या कुणालाही आता वर जाता येणार होतं. सामान्य माणसाची सुट्टी खरी अशीच सुरू होते. जिथं आधी मालकी लागत होती तिथं तिकीट चालू लागतं.

आता पहिला प्रश्न, रजेचा.

मुंबईच्या कापड गिरण्यांत रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतली हजारो माणसं राबत होती. बायकामुलं बहुतेकांची गावाला. एप्रिल-मे उजाडला की गिरण्यांमधली गैरहजेरी वाढायची. लग्नसराई असायची, घर शाकारायचं असायचं, पावसाआधीची शेतीची कामं असायची. मालकांच्या दृष्टीनं ही बेशिस्त होती. कामगाराच्या दृष्टीनं वर्षभर खोलीत दाटीवाटीनं झोपल्यानंतर स्वतःच्या अंगणात झोपण्याचा तो एकमेव महिना होता. हे दिवस बिनपगारी. परत आल्यावर जागा राहील याची खात्री नाही. त्याच्या साच्यावर तेवढ्या दिवसांसाठी बदली कामगार उभा राहायचा. एकाची सुट्टी ती दुसऱ्याची रोजी, असं ते गणित होतं.

हे एकट्या मुंबईतलं दुखणं नव्हतं. ज्या इंग्लंडातून आपल्याकडं गिरणीची यंत्रं आली, त्या इंग्लंडातल्या लँकेशायरमध्येही तेच होतं. तिथल्या गिरणगावांत उन्हाळ्यात एकेका गावाच्या गिरण्या आठवडाभर बंद ठेवण्याचा रिवाज होता. अख्खं गाव समुद्रकाठच्या ब्लॅकपूलला लोटायचं. तो आठवडा बिनपगारी असायचा, म्हणून कामगार वर्षभर क्लबात भिशीसारखे पैसे साठवायचे. ब्लॅकपूलला मुक्काम साध्यासुध्या घरांतून. किराणा पाहुण्यांनी स्वतः आणायचा आणि घरमालकिणीनं तो शिजवून द्यायचा. मीठ-मिरीच्या कुप्या टेबलावर ठेवल्या तर त्यांचे पैसे वेगळे, यावरून त्या घरमालकिणींची खूप थट्टा व्हायची. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि बरंही वाटलं. पै-पैचा हिशोब करून समुद्र पाहणारी माणसं सगळीकडे सारखीच असतात.

पगारी रजा हा हक्क म्हणून जगात पुढं आला तो १९३६ साली. त्या जूनमध्ये फ्रान्समध्ये मोठे संप झाले आणि नव्या सरकारनं कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा देणारा कायदा केला. पण रजा मिळाली तरी भाडं कुठून आणायचं? तिथले एक तरुण मंत्री लेओ लाग्रांज यांनी कामगारांसाठी रेल्वेच्या वार्षिक सुट्टीच्या तिकिटात चाळीस टक्के सवलत मिळवून दिली. त्या उन्हाळ्यात हजारो कुटुंबांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं वर्षातून किमान सहा दिवसांच्या पगारी रजेचा ठराव मान्य केला. इंग्लंडात त्यासाठीचा कायदा १९३८ मध्ये आला. आपल्याकडं १९४५ च्या दुरुस्तीनं कारखान्यातल्या कामगाराला वर्षाला दहा दिवसांची पगारी रजा मिळाली आणि १९४८ च्या कारखाना कायद्यानं हिशोब ठरवून दिला. वर्षात २४० दिवस काम केलं की दर वीस दिवसांमागं एक दिवस पगारी रजा. हा आकडा कोरडा वाटतो. पण वीस दिवस साच्यावर उभं राहून एक दिवस अंगणातल्या फणसाखाली, असं वाचून पाहा. मग तो कोरडा राहत नाही. १९५६ पासून केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना रजा प्रवास सवलत मिळू लागली आणि आपला देश पाहणं हाही नोकरदाराच्या आयुष्याचा भाग झाला.

दुसरा प्रश्न भाड्याचा. इथं मी कोकणची आहे, त्यामुळं बोटीपासूनच सुरुवात करणार.

मुंबईहून कोकणात उतरायला घाट होते, खाड्या होत्या आणि पूल फार थोडे होते. म्हणून कोकणी माणसाचा हमरस्ता म्हणजे समुद्र. भाऊच्या धक्क्यावरून बोट निघायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरं घेत ती पणजीकडं जायची. बहुतेक बंदरांत बोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव तिच्या अंगाला येऊन भिडायचे. लाट वर आली की खलाशी माणसाला उचलून पडावात घ्यायचा. म्हाताऱ्या, तान्ही मुलं, ट्रंका, कोंबड्या, सगळं त्याच हातांतून.

वरचा वर्ग आमच्यासाठी नव्हता. आम्ही डेकवाले. धक्क्यावर फळी लागली की अब्बा आधी धावायचे आणि सतरंजी टाकून जागा धरायचे. सतरंजी जेवढी लांब तेवढं आमचं घर. आमच्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावं आम्हा पोरांना नातेवाइकांसारखी पाठ होती. अम्मी जवळ लिंबू ठेवायची आणि आवळासुपारी, कारण कुणाला ना कुणाला बोट लागायचीच. बोट ‘लागणं’ हा प्रयोग मराठीखेरीज आणखी कुठं असेल का, असं मला वाटायचं. दृष्ट लागते, भूक लागते, तशी बोट लागते. शेजारच्या सतरंजीवरच्या अनोळखी बाईनं डोक्यावर हात ठेवून पाणी पाजायचं आणि दुपारी दोन्ही घरांचे डबे एकत्र उघडायचे. त्यांच्या घावनांबरोबर आमच्या खापरोळ्या संपायच्या. जातधर्म विचारायची सवड समुद्र देत नाही.

या सुट्टीला एक शेवटची तारीख असे. मेच्या अखेरीस समुद्र खवळू लागला की बोटी बंद होत. मग थेट पावसाळा सरल्यावर. म्हणून कोकणातल्या मे महिन्यात ‘शेवटची बोट’ हा शब्द घराघरांतून फिरायचा. शेवटच्या बोटीनं जायचं म्हणजे आणखी चार दिवस मिळायचे, पण गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नाही.

आणि या गर्दीचंच एक काळं पान सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडं निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. घराकडं निघालेली साधी माणसं होती ती. कोकणातल्या कितीतरी घरांत ‘रामदास बुडाली त्या साली’ अशी कालगणना पुढं वर्षानुवर्षं चालली. स्वस्त प्रवास हवा, पण स्वस्त प्रवाशाचा जीव स्वस्त समजला जाता कामा नये, हा धडा त्या पाण्यात आहे. आजही भरगच्च भरलेली गाडी, लाँच किंवा जीप दिसली की तो आठवतो.

कोकणची प्रवासी बोट ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बंद पडली. तोवर रस्त्यांवर लाल गाडीचं राज्य आलं होतं. १ जून १९४८ रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, राज्य परिवहनाची पहिली बस गेली. आतून लाकडी सांगाडा, वर कापडी छत. तिथून सुरू झालेली एसटी पुढं घाट चढली, खाडीपूल ओलांडून गेली आणि जिथं रस्ता संपतो त्या वस्तीवर रात्री मुक्कामाला राहू लागली. ‘मुक्कामाची गाडी’ हा केवढा दिलासा होता! रात्री गावात झोपलेली गाडी पहाटे तुम्हाला घेऊन निघणार, म्हणजे तुमचं गाव नकाशावर आहे.

एसटीनं आणि रेल्वेनं मुलांना अर्धं तिकीट दिलं. त्यामुळं प्रवासात मुलांची वयं वाढत नसत, हे आमच्या पिढीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पाच वर्षांच्या आतल्याला तिकीट नाही, म्हणून कितीतरी पोरं सलग तीन उन्हाळे साडेचार वर्षांची राहिली. कंडक्टरही बघून न बघितल्यासारखं करायचे. १९८८ पासून एसटीनं ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासाची योजना सुरू केली. ठरावीक दिवसांचा एक पास काढायचा आणि हव्या त्या गाडीत बसायचं. शिक्षक, कारकून, निवृत्त माणसं एका पासावर अष्टविनायक करून आली, वेरूळ-अजिंठा पाहून आली. देवळाच्या ओवरीत किंवा धर्मशाळेत मुक्काम, पहाटे स्टँडवर चहा आणि पाव. महाराष्ट्र पाहण्याची याहून स्वस्त शाळा मला माहीत नाही.

रेल्वेत गरिबाचा डबा म्हणजे तिसरा वर्ग. उघड्या लाकडी फळ्या. तो वर्ग १९७४ मध्ये नावापुरता गेला, फळ्या राहिल्या. १९७७ मध्ये राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे हे प्राध्यापक. दुसऱ्या वर्गाच्या फळीवर त्यांनी मऊ गादी आणली. ही गोष्ट लहान वाटेल. पण रात्रभर लाकडावर बसून ज्यांची पाठ मोडली आहे त्यांना विचारा. राज्यकर्त्यानं आपल्या पाठीचा विचार केला, असं गरिबाला क्वचितच वाटतं. कोकण रेल्वेसाठीही त्यांनी वर्षानुवर्षं आग्रह धरला. २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा तो सगळा मार्ग खुला झाला. बोट बंद झाल्यावर पोरका झालेला कोकणी प्रवासी पुन्हा बसल्या जागी भाकरी सोडून खाऊ लागला.

रजा मिळाली, भाडं जमलं. तिसरा प्रश्न दाराचा.

आपल्या गाण्यांत, गोष्टींत, पाठ्यपुस्तकांत उन्हाळी सुट्टी म्हणजे मामाचा गाव. आमच्याकडं मामू, तुमच्याकडं मामा, दार एकच. मुक्कामाला पैसे नाहीत, जेवणाला पैसे नाहीत. दिवसभर विहिरीवर, नाहीतर करवंदांच्या जाळीत. आंबे भाताच्या पेंढ्यात घातलेले, फणस वासावरून शोधायचे. आठवडी बाजारात चार आण्यांचा बर्फाचा गोळा. तासावर भाड्यानं मिळणारी सायकल, एकानं चालवायची आणि चौघांनी मागं पळायचं. रात्री अंगणात ओळीनं गोधड्या आणि वर आकाश. एवढी मजा एवढ्या कमी पैशांत झाली, असं आपण आजही कौतुकानं सांगतो.

पण हे सगळं फुकट नव्हतं. त्याची किंमत कुणीतरी मोजत होतं.

माझी नानी मे महिन्यात पहाटे चारला उठायची. घरात तीन मुलींची पोरं, मिळून बारा-तेरा. चूल एक. पाणी विहिरीचं. भाकऱ्यांचा थर कमरेइतका व्हायचा, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. त्यातच पावसाळ्याची बेगमी. पापड, सांडगे, कोकमं, सुकवलेली मासळी, लोणची. दुपारी सगळी निजली की ती अंगणात बसून सुकट राखायची, कावळ्यांपासून. माहेरी आलेल्या मुली, म्हणजे माझी अम्मी आणि खाला, हात लावायच्या. त्यांची सुट्टी म्हणजे सासूच्या चुलीऐवजी आईची चूल. तरीही त्या त्याला सुखच म्हणायच्या, कारण तिथं त्यांना नावानं हाक मारणारं कुणीतरी होतं. माहेराहून निघताना नानी आंब्याची करंडी, कुळथाचं पीठ, नारळ बांधून द्यायची. अम्मी वर्षभर साठवलेली रेशनची साखर आणि चहाची पुडी जाताना न्यायची आणि गुपचूप डब्यात ओतून ठेवायची. देण्याघेण्याचा हा हिशोब दोघीही उघड बोलत नसत.

स्वस्त सुट्टीच्या इतिहासात हा एक रकाना कायम रिकामा राहिला आहे. १९४८ च्या कायद्यानं साच्यावरच्या माणसाला वीस दिवसांमागं एक दिवस दिला. चुलीवरच्या बाईला किती दिवसांमागं किती दिवस? तिची रजा कुणी मंजूर करायची? मी कविता लिहू लागले त्यामागं वाचन आहे, शाळा आहे, बरंच काही आहे. पण शब्दांवाचून राबणाऱ्या त्या बाईचं ऋणही आहे. म्हणूनच तिला या इतिहासात आणणं मला गरजेचं वाटतं.

दारं आणखीही होती. गावाकडची पोरं सुट्टीत उलट मुंबईलाही येत. एकेका गावच्या चाकरमान्यांनी मिळून घेतलेल्या गावकीच्या खोल्या होत्या. गोव्याच्या खलाशांचे कूड होते. आमच्या कोकणी मुसलमानांतही गावोगावच्या जमातीच्या खोल्या होत्या. बोटीवरची नोकरी धरायला आलेला माणूस तिथं ट्रंक ठेवायचा. मे महिन्यात त्याच ट्रंकांच्या मध्ये एखादा भाचा झोपायचा आणि दिवसा मुंबई बघायचा. १८६२ साली उघडलेली राणीची बाग, तिथंच शेजारी म्युझियम, मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट, चौपाटीची वाळू. १९६४ च्या मार्चअखेर ट्राम बंद झाली. त्यांतून फिरलेली माणसं सांगत की, ट्रामची खडखड हीच मुळी करमणूक होती.

दार नसलेल्यांसाठीही कुणीतरी विचार केला. रिचर्ड शिरमान हा जर्मनीतला शाळामास्तर. १९०९ मध्ये मुलांची पायी सहल नेताना वादळात सापडला आणि एका शाळेच्या इमारतीत त्यानं रात्र काढली. सुट्टीत शाळा रिकाम्या असतात, मग त्या प्रवासी मुलांना झोपायला का देऊ नयेत, हा प्रश्न त्याला तिथं पडला. जगभरच्या युवा वसतिगृहांची चळवळ या साध्या प्रश्नातून निघाली. आपल्याकडं १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलानं शिबिरांतून हेच केलं. शाळेच्या वर्गात सतरंज्या, सामुदायिक भोजन, सकाळी श्रमदान, संध्याकाळी खेळ आणि गाणी. आईबापांना परवडेल एवढंच शुल्क. वेगवेगळ्या जातीधर्मांची मुलं तिथं एका पंगतीत जेवली. काहींच्या आयुष्यातलं परक्या घरचं ते पहिलं जेवण होतं.

रजा, भाडं आणि दार. या तिन्हींतलं एक जरी निखळलं तरी सुट्टीचा अर्थ कसा बदलतो, हे आपण दोनदा पाहिलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. कितीतरी जण ‘मिटेपर्यंत गावाला जाऊन येतो’ म्हणून निघाले. तो उन्हाळा गेला, पुढचा गेला. गावात मुलांना वाटायचं, यंदा बाबांना लांब सुट्टी आहे. ती सुट्टी संपलीच नाही. पगारावाचूनच्या रजेला सुट्टी म्हणत नाहीत, हे त्या पिढीला कळलं. आणि दुसऱ्यांदा पाहिलं ते २०२० साली. मार्चअखेर टाळेबंदी लागली, गाड्या थांबल्या. ज्या एप्रिल-मेमध्ये चाकरमानी हौसेनं गावाला जायचा, त्याच उन्हात माणसं मुलं खांद्यावर घेऊन शेकडो कोस चालत निघाली. ८ मे रोजी पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. घरी जायला गाडी हवी होती, एवढंच त्यांचं मागणं होतं.

म्हणून मी म्हणते, तिकिटाचा दर ही नुसती तिजोरीची बाब नाही. मार्च २०२० मध्ये रेल्वेनं ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद केली, तेव्हा किती आजी-आजोबांचं नातवंडांकडं जाणं लांबलं असेल! उलट ऑगस्ट २०२२ मध्ये एसटीनं पंचाहत्तरी पार केलेल्यांना मोफत प्रवास दिला आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट केलं. त्या उन्हाळ्यात एसटी स्टँडवर जरा वेळ उभं राहून पाहिलं तर फरक दिसत होता. पिशवी घेऊन एकट्यादुकट्या निघालेल्या बायका. कुणी माहेरी, कुणी लेकीकडं, कुणी नुसतीच मैत्रिणींबरोबर पंढरपूरला. नवऱ्याकडं पूर्ण भाडं मागावं लागत नाही, म्हणून पूर्ण परवानगीही मागावी लागत नाही. अर्ध्या तिकिटानं रजेचा प्रश्नही अर्धा सोडवला. सवलतींचा तोटा मोजायलाच हवा. पण मोजताना या बायकांचा आनंदही जमेला धरायला हवा.

आज पॅकेजच्या जाहिरातींनी उन्हाळा सुरू होतो. ज्यांना परवडतं त्यांनी जरूर जावं. पण हप्त्यानं कर्ज काढून चार दिवस हॉटेलात राहायचं आणि वर्षभर त्याचं व्याज फेडायचं, याला आमचे अब्बा सुट्टी म्हणाले नसते. दुसरीकडं घरोघर सामान पोचवणारी तरुण मुलं आहेत, कंत्राटी सफाई कामगार आहेत, बांधकामावरच्या बाया आहेत. ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी पैसे नाहीत. १९३६ साली मान्य झालेले ते सहा पगारी दिवस त्यांच्यापर्यंत अजून पोचायचे आहेत. त्यांच्या मुलांनाही मे महिन्यात शाळेची सुट्टी लागते आणि तीही विचारतातच, ‘कुठं जायचं?’

यंदा आपल्याला तीन गोष्टी करता येतील. त्यांना पैसे फारसे लागत नाहीत. घरी काम करणाऱ्या बाईला, दुकानातल्या पोऱ्याला आठवडाभराची रजा पगारासह द्यावी. आपल्या गावच्या घराचं, नाहीतर शहरातल्या दोन खोल्यांचं दार एखाद्या भाच्या-पुतण्यासाठी, त्याच्या मित्रासाठी उघडं ठेवावं, मग त्याचं नाव राजू असो की रियाज. आणि पाहुणे आले की चुलीपाशी उभ्या असलेल्या बाईला विचारावं, ‘तुझी सुट्टी कधी?’ तिनं उत्तर दिलं की त्या दिवशी भाकऱ्या दुसऱ्या कुणीतरी थापाव्यात. रजेचा मूळ अर्थ राजीखुशी. घरातल्या एका माणसाची राजीखुशी गहाण ठेवून बाकीच्यांनी घेतली, तर ती रजा पुरी होत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)